प्रयोगाला ‘हो’ म्हणणारी माणसं



मागच्या महिन्यात आमच्या गावात बचत गटाची बैठक संपली, सगळ्या जणी उठल्या आणि एक बाई मागे थांबल्या. पिशवीतून त्यांनी घडी घातलेले कागद काढले. नवऱ्याला तोंडाचा कॅन्सर. मोठ्या दवाखान्यात नेलं होतं. तिथं डॉक्टरांनी “एका अभ्यासात सामील व्हाल का?” असं विचारलं आणि घरी वाचायला हे कागद दिले. बाई हळूच म्हणाल्या, “सिस्टर, माझ्या माणसावर प्रयोग करणार का हो हे लोक? उंदरावर करतात तसा?”

मी आरोग्यसेविका म्हणून नोकरी केली, आता निवृत्त झाले, पण गावात अजून सिस्टरच म्हणतात. त्या दिवशी मी त्या बाईंजवळ तासभर बसले. जे त्यांच्याशी बोलले तेच आज तुमच्याशी बोलणार आहे. कॅन्सर झालेली माणसं नव्या उपचाराच्या अभ्यासाला ‘हो’ का म्हणतात? आणि तसं म्हणण्याआधी काय विचारलं पाहिजे?

आधी अभ्यास म्हणजे काय ते बघू. आपल्या हिंगोली जिल्ह्यात सोयाबीन न पेरणारं घर शोधावं लागेल. परभणीच्या कृषी विद्यापीठाचं नवं वाण आलं म्हणून शहाणा शेतकरी सगळं रान लगेच त्याच्याखाली आणत नाही. एका पट्ट्यात नवं पेरतो, शेजारच्या पट्ट्यात जुनं. जमीन तीच, पाऊस तोच, खत तेवढंच. सुगीला दोन्हींची रास वेगळी करतो आणि मापून बघतो. नवं वाण काळ्या रानात आणि जुनं मुरमाड रानात पेरलं, तर त्या मापाला काय अर्थ?

उपचाराचंही तसंच आहे. नवा उपचार जुन्यापेक्षा बरा की नाही हे कळायचं तर सारख्या आजाराच्या माणसांचे दोन गट करावे लागतात. कोण कुठल्या गटात जाणार हे डॉक्टर ठरवत नाहीत आणि रुग्णही ठरवत नाही. चिठ्ठी टाकावी तसं ते कॉम्प्युटरवर ठरतं. जुन्या उपचाराच्या गटाला वाऱ्यावर सोडतात असा आपला समज असतो. कॅन्सरच्या अभ्यासात सहसा तसं नसतं. आज जो चांगला म्हणून माहीत आहे तो उपचार त्या गटाला मिळतो. सहसा म्हणाले, कारण एका अभ्यासाचं वेगळं झालं. ते पुढे सांगते.

आणि हे दोन गटांचं काम शेवटी येतं. त्याच्या आधीच्या टप्प्यात नवं औषध थोड्याच माणसांना देतात आणि अंगाला किती सोसतं ते बघतात. दुसऱ्या टप्प्यात गाठ कमी होते का ते बघतात. तिसऱ्या टप्प्यात शेकडो, कधी हजारो माणसांवर तुलना होते. पहिल्या टप्प्यात फायद्याची आशा कमी आणि जोखीम जास्त असते. म्हणून “हा कितवा टप्पा?” हा प्रश्न आधी विचारायचा.

आता माझ्या घरातली गोष्ट सांगते. माझ्या थोरल्या जाऊबाई, त्यांना आम्ही सगळ्या अक्का म्हणतो. त्यांच्या छातीत गाठ आली. त्यांनी सहा महिने कुणाला सांगितलं नाही. हळद काढायची होती, मग शिजवायची, वाळवायची, पॉलिश करायची. “हळद वसमतच्या मार्केटला गेली की बघू,” असं मनाशी ठरवून त्या रात्री गाठीवर हळदीचाच लेप लावत होत्या. घरात नर्स असून मला ते दिसलं नाही, याची लाज मला आजही वाटते.

परभणीहून रात्रीच्या देवगिरी एक्सप्रेसने आम्ही मुंबईला गेलो. अक्का, थोरले दीर आणि मी. शस्त्रक्रिया झाली. पुढच्या औषधांचं बोलणं निघालं तेव्हा डॉक्टरांनी अभ्यासाबद्दल सांगितलं. दोन औषधयोजनांची तुलना चालू होती. दीर लगेच हात जोडून म्हणाले, “डॉक्टरसाहेब, तुम्ही म्हणाल तिथं सही करतो.” डॉक्टर म्हणाले, “सही काकूंनी करायची आहे. आणि आज नाही. कागद घेऊन जा, वाचा, उद्या या.”

मीसुद्धा अक्कांना म्हणाले, “एवढे मोठे डॉक्टर सांगताहेत, करून टाका सही.”

अक्कांनी माझ्याकडे बघितलं. “तू वाचलास का कागद?”

मी गप्प. मैत्रिणींनो, हे सांगायला जड जातं, पण सांगते. नोकरीत असताना शस्त्रक्रियेच्या शिबिरांत मी कितीतरी बायांचे अंगठे घेतले. “इथं लाव बाई, इथं लाव,” असं म्हणत शाईचा पॅड पुढे सरकवत गेले. त्या कागदावर काय लिहिलंय हे किती जणींना वाचून दाखवलं? हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्या. तीच सवय मी माझ्या जावेच्या बाबतीत चालवत होते.

त्या रात्री धर्मशाळेच्या वऱ्हांड्यात बसून मी तो कागद पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचला. अक्का चौथी शिकलेल्या. न कळलेल्या ठिकाणी त्या मला थांबवायच्या आणि “आपल्या भाषेत सांग” म्हणायच्या. काही वाक्यं मला स्वतःलाच कळली नाहीत, त्यांवर पेन्सिलीनं खुणा केल्या. दुसऱ्या दिवशी अक्कांनी तीन प्रश्न विचारले. मी नाही म्हटलं तर माझा उपचार थांबेल का? मुंबईच्या किती खेपा वाढतील? आणि औषधानं काही बिघडलं तर खर्च कुणाचा? तिथल्या मुलीनं पहिल्या दोघांची उत्तरं दिली. तिसऱ्याला ती अडखळली, तेव्हा अक्का म्हणाल्या, “मग ज्यांना माहीत आहे त्यांना बोलव, मी थांबते.” डॉक्टर आले, त्यांनी सांगितलं, मग अक्कांनी सही केली.

परतीच्या गाडीत मी विचारलं, का हो म्हणालात? त्या म्हणाल्या, “माझ्या दोन पोरी आहेत. माझ्या आईलाही हेच झालं असावं, पण तिला कुणी दवाखानाच दाखवला नाही. पोरींच्या वेळेला काहीतरी बरं निघावं.” थोड्या वेळानं हसून पुढे म्हणाल्या, “आणि खरं सांगू? अभ्यासात नाव असलं की डॉक्टर आपल्याला विसरत नाहीत.”

चिठ्ठीत त्यांच्या वाट्याला जुनंच औषध आलं. दोन दिवस त्या रुसून होत्या. “चिठ्ठीतही मला जुनंच लुगडं,” म्हणाल्या. पण औषध पुरं केलं, तपासण्या चुकवल्या नाहीत.

अक्कांचं पाहून आणि पुढे गावोगावच्या रुग्णांशी बोलून मला ‘हो’ म्हणण्याची कारणं कळत गेली. पहिलं कारण आशा. नवं आहे म्हणजे जुन्यापेक्षा चांगलं असणार, असं आजारी माणसाला वाटतंच. दुसरं कारण डॉक्टरांवरचा भरवसा. तिसरं, देखरेख. अभ्यासातल्या माणसाला वेळेवर बोलावतात, फोन करतात, तपासण्या नेमानं होतात. चौथं कारण पैसा. काही अभ्यासांत औषध किंवा तपासणी मोफत मिळते. पाचवं, आता दुसरं काही उरलं नाही, मग हे तरी करून बघू. आणि सहावं, पुढच्या माणसांसाठी. अनेकांच्या मनात यांतली दोन-तीन कारणं एकत्र असतात. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

पण या कारणांत फसगतही आहे. आशा धरावी, पण नवं म्हणजे चांगलं असं नाही. तेच तर शोधायचं असतं. तुमचा उपचार आणि अभ्यास एकच डॉक्टर करत असले तरी ती दोन वेगळी कामं आहेत. उपचारात डॉक्टर फक्त तुमचं बघतात, अभ्यासात त्यांना सगळ्यांसाठी आखलेला नियमही पाळावा लागतो. डॉक्टरांवर भरवसा ठेवावा, पण प्रश्न विचारल्यानं भरवसा तुटत नाही. पैशाचं म्हणाल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे बरेच नेहमीचे उपचार होतात. केवळ खर्च वाचेल म्हणून अभ्यासात जाण्याआधी योजनेत काय मिळतं ते आरोग्यमित्राला विचारा.

आता असे ‘हो’ म्हणणाऱ्यांमुळे काय झालं ते सांगते. आपल्या भागात तंबाखू, गुटखा आहे, बायकांत मिसरी आहे, म्हणून तोंडाच्या कॅन्सरपासून सुरुवात करते. तोंडातली गाठ लहान असताना काढली, तर त्याच वेळी मानेतल्या गाठीही काढाव्यात, की मानेत आजार दिसेपर्यंत थांबावं? कित्येक वर्षं सर्जन लोकांत यावर दोन मतं होती. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ ते २०१४ या काळात रुग्णांचे चिठ्ठी टाकून दोन गट केले. ५०० रुग्णांचा हिशेब लागला तेव्हा दिसलं, की ज्यांची मान आधीच साफ केली होती त्यांच्यात तीन वर्षांनी शंभरांत ८० जण हयात होते. वाट पाहिलेल्या गटात शंभरांत साधारण ६७. हा निकाल २०१५ साली प्रसिद्ध झाला आणि देशोदेशीच्या सर्जननी त्याची दखल घेतली. त्या ५०० जणांत आपल्यासारख्या खेड्यांतून मुंबईला गेलेली माणसं होती.

दुसरा अभ्यास स्तनाच्या कॅन्सरचा. डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांचा. शस्त्रक्रियेच्या सात ते दहा मिनिटं आधी गाठीच्या सभोवती लिडोकेन टोचायचं. लिडोकेन म्हणजे दात काढताना हिरडी बधिर करतात तसलं साधं, स्वस्त औषध. जवळजवळ १६०० बायांचे दोन गट केले. पाच वर्षांनी लिडोकेन दिलेल्या गटात शंभरांत ९० बाया हयात होत्या, न दिलेल्या गटात ८६. फरक चारचा आहे, पण त्या चार कुणाच्या तरी आया आहेत. कुठल्या कंपनीला यात फारसा नफा नाही. असा अभ्यास सार्वजनिक रुग्णालयाने केला आणि बाया सामील झाल्या, म्हणूनच तो झाला.

तिसरा, जिथं आजार हाताबाहेर गेलाय तिथला. डोकं आणि मानेच्या वाढलेल्या कॅन्सरवर निवोलुमॅब नावाचं एक औषध आहे. त्याची पूर्ण मात्रा आपल्याकडच्या बहुतेक घरांना परवडत नाही. टाटाच्या डॉक्टरांनी विचार केला, नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी दिलं तर? बरा होण्याची आशा न उरलेले १५१ रुग्ण अभ्यासात आले. नेहमीच्या औषधांवर वर्षभरानं शंभरांत १६ जण हयात होते. थोडंसं निवोलुमॅब जोडलेल्या गटात ४३. इथं ‘दुसरं काही उरलं नाही’ म्हणून आलेल्या माणसांनी मागून येणाऱ्यांना वाट करून दिली.

सगळ्यांत जवळची गोष्ट मात्र मराठवाड्यातलीच आहे, आणि ती ऐकायला सोपी नाही. उस्मानाबाद जिल्हा, आताचा धाराशिव. १९९९ पासून तिथल्या खेड्यांत ३० ते ५९ वर्षांच्या १,३१,७४६ निरोगी बायांचा गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरसाठी अभ्यास झाला. बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय, टाटा मेमोरियल आणि जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था यांनी मिळून तो केला. गावांचे ५२ समूह करून चार गटांत वाटले. तीन गटांत तीन वेगवेगळ्या तपासण्या झाल्या. चौथ्या गटात तपासणी केली नाही. आजाराची माहिती दिली आणि तपासणी कुठं होते ते सांगितलं.

आठ वर्षांनी काय दिसलं? ज्या गटात एचपीव्ही विषाणूची तपासणी एकदाच केली होती, तिथल्या सुमारे ३४,००० बायांपैकी ३४ जणी या कॅन्सरने गेल्या. तपासणी न झालेल्या सुमारे ३१,५०० बायांपैकी ६४ गेल्या. आयुष्यातली एक तपासणी निम्मे मृत्यू टाळू शकते हे त्यातून दिसलं. आज जगभर या विषाणूच्या तपासणीवर भर आहे, त्याला आधार देणाऱ्या पुराव्यांत आपल्या मराठवाड्यातल्या या बाया आहेत.

पण त्या ६४ बायांचं काय? हा प्रश्न अनेकांनी विचारला आणि तो विचारायलाच पाहिजे होता. कॅन्सर लवकर सापडला तर जीव वाचतो हे ठाऊक असताना एका गटाला तपासणीशिवाय ठेवणं योग्य होतं का? अभ्यास करणाऱ्यांचं म्हणणं असं, की त्या काळी आपल्या देशात खेड्यापाड्यांत अशी तपासणी होतच नव्हती, म्हणजे नेहमीची स्थिती तीच होती. टीका करणाऱ्यांचं म्हणणं, की गरिबाची नेहमीची स्थिती वाईट आहे म्हणून तीच माप म्हणून वापरायची का? मी दोन्ही बाजू वाचल्या. मला टीका करणाऱ्यांचं म्हणणं जास्त पटतं. तरी त्या सगळ्या बायांनी, तपासलेल्या आणि न तपासलेल्यांनीही, आपल्या लेकीसुनांसाठी काहीतरी मागे ठेवलं, हेही मला नाकारता येत नाही.

आणि नीट न विचारता केलं तर काय होतं, तेही बघा. २००९-१० साली तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम जिल्ह्यात शाळकरी मुलींना याच विषाणूची लस एका अभ्यासात दिली. कितीतरी मुलींच्या कागदांवर आईबापांऐवजी वसतिगृहाच्या अधिकाऱ्यांनी सह्या केल्या होत्या. आरडाओरडा झाला, २०१० मध्ये काम थांबलं, संसदेच्या समितीने पुढे ताशेरे ओढले. लस चांगली आहे, ती आज जगभर देतात. चूक संमतीची होती. त्या चुकीमुळे चांगल्या लसीबद्दलही लोकांच्या मनात भीती बसली.

म्हणून आता कायदा काय म्हणतो ते लक्षात ठेवा. नव्या औषधांच्या चाचण्यांसाठी २०१९ साली नवे नियम झाले. अभ्यासाची माहिती तुम्हाला कळेल अशा भाषेत लेखी मिळाली पाहिजे आणि तिची एक प्रत तुमच्याजवळ राहिली पाहिजे. वाचता येत नसेल तर तटस्थ साक्षीदारासमोर कागद वाचून दाखवायचा. रुग्ण शुद्धीवर आणि समजता असेल तर होकार त्याचाच. नवरा, मुलगा, दीर यांचा होकार चालत नाही. औषधानं इजा झाली तर उपचार मोफत, आणि इजा चाचणीमुळे झाली असं ठरलं तर भरपाई. प्रत्येक अभ्यास आधी एका नीतिशास्त्र समितीनं मंजूर करावा लागतो. तिच्यात डॉक्टरांखेरीज कायदा जाणणारी व्यक्ती, एक सर्वसामान्य नागरिक आणि एक तरी बाई असावी लागते. त्या समितीचा फोन नंबर तुमच्या कागदावर असतो.

आणि हे प्रश्न वहीत लिहून ठेवा. हा कितवा टप्पा? मी सामील झाले नाही तर मला कुठला उपचार मिळेल? कुठले त्रास होऊ शकतात? किती खेपा, गाडीभाडं आणि बुडालेली मजुरी कोण देणार? मधेच सोडता येईल का? याचं उत्तर ‘हो’ असंच पाहिजे, आणि सोडल्यावर नेहमीचा उपचार चालू राहिला पाहिजे. शेवटचा प्रश्न, जो फार कमी जण विचारतात: अभ्यासाचा निकाल लागल्यावर मला कळवाल का?

त्या बचत गटातल्या बाईंचं पुढे काय झालं? त्या रात्री त्यांनी नवऱ्याला सगळा कागद वाचून दाखवला. त्यानं ‘नाही’ म्हटलं. खेपा फार होत्या आणि घरात कमावणारा तोच. बाई घाबरत घाबरत डॉक्टरांना सांगायला गेल्या. डॉक्टर म्हणाले, “हरकत नाही,” आणि ठरलेला उपचार सुरू केला. मला त्या नकाराचंही तेवढंच बरं वाटलं, कारण तो वाचून दिलेला होता.

आणि अक्का? त्या आहेत. हळदीच्या दिवसांत अजून कढईजवळ उभ्या राहतात, आम्ही रागावलो तरी. गेल्या वर्षी तपासणीला गेल्यावर त्यांनीच विचारलं, “आमच्या त्या अभ्यासाचं काय निघालं?” डॉक्टर म्हणाले, दोन्ही गटांत फरक निघाला नाही. जुनं आणि नवं सारखंच. मला वाईट वाटलं. एवढ्या खेपा, एवढं रक्त काढलं, आणि हाती काहीच नाही.

अक्का म्हणाल्या, “काहीच कसं नाही? माझ्या पोरींवर वेळ आली तर कुणी त्यांना महागडं घ्या म्हणणार नाही. एवढं तर कळलं ना.”

मैत्रिणींनो, तुमच्या घरात असा कागद आला तर तो पेटीत ठेवू नका. दिव्याजवळ बसा, मोठ्यानं वाचा, ज्याचा आजार आहे त्याला समोर बसवा. वाचता येत नसेल तर लेकीला, आशाताईला किंवा माझ्यासारख्या कुणा जुन्या सिस्टरला बोलवा. मग हो म्हणा नाहीतर नाही म्हणा.